म्हाताऱ्या बोक्याची लघवी आणि आपलं ‘चालायचंच’

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या बोक्याला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातलं, वर दुसरा क्रेट पालथा ठेवून सुतळीने बांधला आणि मोलगीहून खाली जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप नेहमीसारखी गच्च भरलेली. क्रेट बघून लोकांना वाटलं, कोंबड्या असतील. आतून म्याव आलं तेव्हा सगळे वळून बघायला लागले. मांजर आजारी आहे, डॉक्टरकडे नेतोय, असं सांगितलं. काय झालंय, असं कुणीतरी विचारलं. लघवी नीट होत नाही, म्हटलं. देवगोईचा घाट संपेपर्यंत जीप हसत होती.

मग मागच्या सीटवरून एक माणूस शांतपणे बोलला. “आपल्याकडे माणसाला झोळीत घालून न्यावं लागतं. आणि तू मांजर गाडीने नेतोस.”

तो चिडला नव्हता. टोमणाही मारत नव्हता. त्याला खरंच विचित्र वाटलं होतं. मला त्या वेळी काही उत्तर सुचलं नाही, मी क्रेटवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसलो. आता सुचलंय, म्हणून हे लिहितोय.

*

आधी त्याचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. मोलगी सातपुड्यात आहे, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात. हा जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशातल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. आकांक्षित म्हणजे मागे राहिलेला, फक्त शब्द गोड. मोलगीचं नाव पेपरात येतं ते भगरीसाठी, जवळच्या काठीच्या राजवाडी होळीसाठी, नाहीतर कुपोषणासाठी. आमच्या भागात असे पाडे आहेत जिथून बाळंतीण बाई आजही बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत येते. नर्मदेकाठच्या गावांसाठी दवाखाना बोटीवर चालवावा लागतो. हे सगळं खरं आहे आणि तो माणूस ते जगतो. त्याला मी प्राणिप्रेमावर लेक्चर देणार नाही.

पण त्याच्या वाक्यात एक हिशेब दडलेला आहे, तो मला मान्य नाही. काळजी ही रेशनच्या दुकानातल्या साखरेसारखी आहे, असा तो हिशेब. माणशी ठरलेली. मांजराला चमचाभर दिली की कुणातरी माणसाची चमचाभर कमी झाली. आजवर मोलगीत एकाही बाळंतिणीची गाडी बोक्यामुळे चुकलेली नाही. एकाही पोराचं सलाइन काढून मांजराला लावलेलं नाही. ज्या गोष्टींमुळे झोळी लागते त्यांत मांजर कुठेच नाही. उलट मला असं दिसतं की ज्या सवयीमुळे आम्ही मांजराला मरू देतो, त्याच सवयीने आम्ही आमची माणसंही मरू दिली आहेत. हे मला भुऱ्याने दाखवलं नाही. आजीने दाखवलं.

*

भुऱ्या म्हणजे आमचा बोका. वय बारा, फार तर तेरा. आमच्या घरात भगर, मका, ज्वारी साठवलेली असते, आणि धान्य असेल तिथे उंदीर असतात. भुऱ्या लाडासाठी आणलेला नाही. तो कामाला लागलेला गडी आहे. दहा वर्षं त्याने कणगीची राखण केली, मग दात गेले, उड्या कमी झाल्या, आणि आता तो चुलीजवळ झोपतो.

घरामागे राखेचा ढीग आहे, तिथे तो जातो. त्या दिवशी सकाळी तो पाच वेळा गेला. बसायचा, पाठ वाकवायचा, जोर लावायचा, उठायचा, उकरायचा, दोन पावलं चालून पुन्हा बसायचा. मग मागचा भाग चाटत राहायचा. मला वाटलं, खडा झालाय. शेजारी म्हणाले, एरंडेल पाज. औषधाच्या एका दुकानात विचारलं, तर ताप-दुखण्याची गोळी मिळाली. “लहान पोरांना देतो तीच आहे, अर्धी दे.”

मी ती अर्धी करून दुधात घोळवत होतो. तेवढ्यात आजी मागून म्हणाली, “खडा नाही तो. मूत अडकलंय. तुझा आजा असाच जायचा.”

आजी हे भिलीत म्हणाली, मी मराठीत लिहितोय. भिलीत ते जास्त उघडं होतं.

*

आजा पाड्यावर राहायचा. शेवटची दोन वर्षं तो रात्री तीन-चार वेळा उठायचा. घरामागे जायचा, बराच वेळ उभा राहायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अंधारात दाराची कडी वाजायची, ती सगळ्यांना ऐकू यायची. कुणी काही बोललं नाही. मूत हा काय बोलायचा विषय आहे? आणि बोललं कुणी, तर उत्तर ठरलेलं होतं. म्हातारपण आहे. चालायचंच.

एका सकाळी त्याचं ओटीपोट घट्ट फुगलेलं होतं आणि तो बोलत नव्हता. झोळी केली. पाड्यावरून रस्ता, रस्त्यावरून जीप. नळी घातली तेव्हा पिशवी मोकळी झाली, पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. आठ-दहा दिवस काढले त्याने. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढली होती, म्हाताऱ्या पुरुषांमध्ये वाढते, दोन वर्षं आधी आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं.

आम्ही सगळ्यांना सांगतो की आजा रस्ता नव्हता म्हणून गेला. ते अर्धं खरं आहे. त्या सकाळी रस्ता नव्हता. पण त्याआधीच्या दोन वर्षांत कित्येक आठवडे बाजार झाले, आजा स्वतःच्या पायांनी मोलगीला येऊन, आमचूर विकून परत जात होता. त्या दोन वर्षांत आड आला तो डोंगर नव्हता. आड आलं ‘चालायचंच’. रस्ता सरकारने करायचा असतो, त्यासाठी भांडावंच लागतं. ‘चालायचंच’ मात्र आमच्या घरचं आहे, ते कुठल्या खात्याकडे ढकलता येत नाही.

जीपमधल्या त्या माणसाला माझं पहिलं उत्तर हे. मी मांजराला गाडीने नेलं, कारण आम्ही आज्याला नेलं नव्हतं.

*

आता त्या अर्ध्या गोळीबद्दल. ती पॅरासिटामोल होती. माणसाचं यकृत ती पचवून बाहेर काढतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार तोकडी असते. ती गोळी मांजराच्या रक्तात विष होते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि मांजर मरतं. अर्धी गोळीही पुरते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी मूत्रपिंडं जातात. ‘एवढीशी दिली तर काय होतं’ असं वाटत असेल, तर आपल्या गिधाडांचं काय झालं ते आठवा. दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. एकाचं औषध दुसऱ्याचं मरण असतं, हे आपल्या देशाने एवढं मोठं भोगून शिकलंय. तरी गोळी अर्धी करून दे म्हणणारा माणूस प्रत्येक बाजारात भेटतो. तो वाईट नसतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

का सांगितलेलं नसतं, ते बघू. आपल्या देशात १९१९ पासून जनावरांची गणना होते. विसावी २०१९ मध्ये झाली, एकविसावी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट, याक, मिथुन आहेत. कुत्रा आहे, ससा आहे, हत्तीसुद्धा आहे. मांजर नाही. ज्या देशात प्रत्येक किराणा दुकानात, प्रत्येक धान्याच्या गोदामात, प्रत्येक मासळी बाजारात मांजर आहे, त्या देशाच्या कागदावर ते शून्य आहे. जे मोजलंच जात नाही त्याचं औषध साठ्यात कसं येणार? त्याच्या मापाची नळी कोण मागवणार?

खात्याचा शब्दच बघा, पशुधन. ज्याचं धन होतं तो पशू. दूध, अंडी, मांस, ओढकाम. या शब्दाचा मला राग यायचा. मग वाटलं, आज्यालाही आम्ही हाच नियम लावला होता. नांगर धरत होता तोवर त्याचा पाय मुरगळला तरी घर धावायचं. नांगर सुटला, आणि मग ‘चालायचंच’ सुरू झालं. म्हातारा बोका आणि म्हातारा आजा, दोघंही धनाच्या यादीतून उतरलेले.

कायदा तरी असा भेद करत नाही. १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या भल्यासाठी शक्य ते सगळे उपाय केले पाहिजेत आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देता कामा नयेत. दूध देणारा प्राणी असं तिथे लिहिलेलं नाही.

*

एवढ्यावर थांबलो तर शहरातले प्राणिप्रेमी टाळ्या वाजवतील. थांबा, तुमच्याशीही भांडायचंय.

त्या सकाळी मी नेटवर्क मिळतं त्या टेकाडावर जाऊन फोनवर शोधलं. पन्नास रील्स मिळाल्या. गोऱ्यापान खोलीत गुबगुबीत मांजर, आणि एक मुलगी गोड आवाजात सांगतेय, ‘अशी लक्षणं दिसली तर लगेच तुमच्या व्हेटकडे जा.’ माझा कुठला व्हेट? पुढची रील पाण्याच्या कारंज्याची, त्याच्या पुढची पाकिटातल्या खाण्याची, खाली डिस्काउंट कोड. ‘पेट पेरेंट’ असाल तर एवढं कराच, असा सूर. म्हणजे जो करू शकत नाही त्याने मांजर पाळू नये. उंदरांना हे कुणीतरी कळवा.

‘लगेच जा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो दवाखाना कोपऱ्यावर असणाऱ्यांसाठी पुरा आहे. घाट उतरायला निम्मा दिवस जाणाऱ्याला त्याहून जास्त माहिती लागते. आत्ताच निघायचं की उद्या सकाळच्या जीपपर्यंत थांबलं तर चालेल, हे ज्याला ठरवावं लागतं त्याला कुणी काही सांगत नाही. मला सांगितलं एका मित्राने, तो पशुवैद्यकीचं शिकतोय. फोनवर, तुटक आवाजात. ते इथे लिहून ठेवतो.

नर आहे की मादी, हे आधी. नराची मूत्रनळी लांब आणि टोकाला फार अरुंद असते. बारीक खडे, रेती, चिकट पदार्थ त्यात अडकतात. नर जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तर ती खरी आणीबाणी. पिशवी भरत जाते, मूत्रपिंडं थांबतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एका दिवसात जीव धोक्यात येतो, दोन-तीन दिवसांत जातो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. ओकारी, सुस्ती, खाणं बंद ही पुढची पायरी, तिथे पोहोचण्याआधी निघायचं.

थेंब थेंब येतंय, लालसर आहे, सारखं जातोय, भलत्याच ठिकाणी करतोय, तर पिशवीला सूज, जंतू किंवा खडे यांपैकी काहीतरी असू शकतं. लवकरात लवकर दाखवायचं, आणि तोवर थेंब येणं बंद तर झालं नाही ना, यावर नजर ठेवायची. तरुण मांजरात जंतुसंसर्ग कमी आढळतो, म्हाताऱ्यात जास्त.

उलटंही असतं. म्हातारं मांजर अचानक खूप पाणी प्यायला लागलं, खूप मुतायला लागलं आणि वाळत चाललं, तर लोक म्हणतात, बरं आहे, पाणी पितंय. ते बरं नसतं. मूत्रपिंडं थकली की असं होतं, मधुमेहात होतं, थायरॉइड वाढलं की होतं. हे एका दिवसाचं मरण नाही, पण दुखणं आहे, वय नाही.

पोट हळूच चाचपायचं, दाबायचं मात्र नाही. मागच्या पायांपुढे लिंबाएवढा कडक गोळा लागला आणि मांजर ओरडलं, तर पिशवी तुंबली आहे. दाबून मोकळी करायला जाल तर ती फुटेल.

मोजायला राखेसारखी दुसरी चीज नाही. जुन्या घमेल्यात चाळलेली राख किंवा बारीक वाळू ठेवायची. लघवीचे गोळे होतात. किती, केवढे, ते रोज दिसतं. हजारो रुपयांच्या यंत्राचं काम चुलीची राख करते.

आणि पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्याला तहान कमी लागते आणि त्याची लघवी मुळातच दाट असते. म्हणून पाणी खाण्यातून द्यायचं. भाकरी कोरडी टाकायची नाही. मासळी किंवा कोंबडी मीठ-मसाला न घालता उकडून तिच्या पाण्यासकट द्यायची. खारवलेली सुकी मासळी बंद. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब.

यात कारंजं कुठेच नाही, आणि डिस्काउंट कोडही.

*

भुऱ्याला थेंब येत होते. पोटात गोळा लागला नाही. म्हणजे नळी पूर्ण बंद नव्हती, पण ती कधीही होऊ शकते, असं मित्र म्हणाला. म्हणून निघालो.

खालच्या डॉक्टरांनी टेबलावरचं सामान बाजूला केलं. मांजर हातात धरून कॉलेजनंतर बरीच वर्षं झाली, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मांजराच्या मापाची नळी त्यांच्याकडे नव्हती. “अडकलं असतं तर मला तुम्हाला अजून पुढे पाठवावं लागलं असतं,” म्हणाले. मग त्यांनी माझ्यासमोर वर्गमित्राला फोन लावून डोस विचारला. तीन किलो शंभर ग्रॅमच्या रोग्यासाठी. ज्याला न येणारी गोष्ट विचारायची लाज वाटत नाही, असा डॉक्टर मला फार मोठा वाटतो. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं, संसर्गाचा संशय आला. मूत्रपिंडांचं नक्की कळायला रक्त बाहेर पाठवावं लागेल म्हणाले. आजही आमच्याकडे ‘बहुतेक’ आहे, ‘नक्की’ नाही. त्या ‘बहुतेक’वर भुऱ्या वर्षभर जगलाय.

हसणाऱ्या जीपला माझी विनंती एवढीच की तो डॉक्टर एकटा पडू देऊ नका. जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरती पशुवैद्यकीय पथकं आहेत. तो नंबर शेळीसाठी फिरवतो तसा मांजरासाठीही फिरवा. मांजर आहे, असं स्पष्ट सांगा. नोंद झाली की आकडा होतो, आणि आकडा झाला की मागणी करता येते. पुढच्या गणनेत मांजराचा रकाना हवा. आमच्यासारख्या भागातल्या दवाखान्यांत मांजराच्या मापाची नळी हवी, ती लावायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण हवं. औषधाच्या दुकानात एक कागद चिकटवलेला हवा की माणसांची वेदनाशामकं मांजराला देऊ नका. यातली एकही गोष्ट कुठल्याही माणसाच्या ताटातला घास काढून होणारी नाही.

*

औषध सुरू असताना मी रोज सकाळी राखेतले गोळे मोजून कॅलेंडरवर लिहायचो. एकदा काका आला होता. त्याने कॅलेंडर बघितलं, काय आहे ते विचारलं. आधी तो हसला. मग बराच वेळ गप्प बसला. जाताना दारात थांबून म्हणाला, “माणसाचं पण असं मोजतात का? मी रात्री चार वेळा उठतो.”

काका आज्याचाच मुलगा. वय साठच्या पुढे. किती दिवस उठतो, असं मी विचारलं. दीड वर्ष, म्हणाला. कुणाला बोलला नव्हता. काय बोलणार, वय झालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याला तपासायला घेऊन गेलो. आता रोज एक गोळी घेतो. रात्री एकदा उठतो.

मागच्या सीटवरच्या दादा, तुम्ही हे वाचाल असं मला वाटत नाही. पण परत जीपमध्ये भेटलो तर सांगेन की माणसं आणि मांजर अशी वाटणी आमच्या घरात जमली नाही. आम्ही मांजराचं दुखणं बोलायला शिकलो आणि तोंड उघडलं म्हणून माणसाचंही निघालं. तुम्हाला घाईत एकच प्रश्न विचारेन. तुमच्या घरात कुणी म्हातारं आहे का, आणि ते रात्री किती वेळा उठतं?